आधी खड्डा, मग कॉम्प्युटर

मिलिंदला मी भरसभेत भोंदू म्हटलं होतं.

काल डिंगोऱ्यात, त्याच्या गावी, त्याला अग्नी देऊन आलो. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

सकाळपासून सगळे लिहितायत, भला माणूस गेला. होताच भला. पण मला त्याच्याआधी दुसरं काहीतरी लिहायचं आहे.

मिलिंद माझा शाळेतला वर्गमित्र. पुढे ओतूरला एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अटेंडंट झाला. नव्वदचं दशक संपता संपता त्याला कॉम्प्युटर जोडायचा नाद लागला. धंदा नव्हे, नाद.

रविवारी पुण्याला जायचा, सुटे पार्ट आणायचा. येताना मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर.

कंडक्टर विचारायचा, "काय राव, कोंबडीची पिल्लं हायती का?"

"पिल्लंच हायती. डायवरला म्हनावं, खड्डं बघून चालव."

घरी मशीन जोडायचा, आठ दिवस स्वतः चालवून बघायचा, मगच ओळखीच्या माणसाला विकायचा. जुन्नर-आंबेगावात कितीतरी घरांतला पहिला कॉम्प्युटर मिलिंदच्या हातचा आहे.

पण त्याची एक अट होती. आधी खड्डा, मग कॉम्प्युटर.

गिऱ्हाइकाच्या घरामागे तो स्वतः कुदळ घेऊन खड्डा घ्यायचा. त्यात लोखंडी पाइप उभा करायचा. भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. वरून पाणी. मग पाइपाला तार बांधून ती घरातल्या बोर्डापर्यंत न्यायची.

याला अर्थिंग म्हणतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तेव्हा ते नव्हतंच. कॉम्प्युटरचा डबा पत्र्याचा. त्यात करंट उतरला तर तो जमिनीत जावा, माणसाच्या अंगातून जाऊ नये, एवढ्यासाठी तो खड्डा.

मला हे माहीत नव्हतं.

मी तेव्हा गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोलत होतो. कळंबला सभा होती. सभेआधी टपरीवर चहा पिताना कोणीतरी म्हणालं, "सर, ओतूरचा तो कॉम्प्युटरवाला हाये ना, मशीन द्यायच्या आधी परसात मीठ-कोळसा पुरतो. वरनं पानी सोडतो. आता बोला!"

मी बोललोच.

मिलिंदला आधी एक फोन करता आला असता. केला नाही. खरं सांगू? उदाहरण इतकं झकास होतं, की ते खोटं निघालेलं मला नको होतं.

"दारात विज्ञान आलंय, आणि हा भोंदू त्याच्या उंबऱ्याशी मीठ-कोळसा पुरतोय!"

टाळ्या थांबेनात. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर मिलिंदच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले होते. माझ्या घरात त्या काळीही देव्हारा होता, आजही आहे. आणि मी त्याला भोंदू म्हटलं.

त्या सभेत काशिनाथभाऊ होते. कळंबचेच. लेकीसाठी त्यांनी मिलिंदला कॉम्प्युटर सांगून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मिलिंद कुदळ घेऊन आला तर हे म्हणाले, "खड्डा नको. सर काय म्हनले ऐकलं न्हाईस का?"

"मग मशीनबी न्हाई मिळायचं, भाऊ."

काशिनाथभाऊंनी दुसरीकडून घेतलं. काही महिन्यांनी त्यांची सुनीता पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहून वायर लावायला गेली. हात डब्याला लागला. पोरगी फेकली गेली, चौकटीवर आपटली, कोपर मोडलं. जीव वाचला.

मिलिंदला कळलं. मशीन त्याचं नव्हतं. तरी आला, खड्डा घेतला, तार ओढली, बल्ब लावून तपासलं, नि चहा पिऊन गेला.

मला काशिनाथभाऊ कळंबच्या स्टँडवर भेटले. म्हणाले, "सर, भाषन लई भारी व्हतं तुमचं. पोरीचा हात मोडला."

त्याच दिवशी मी मिलिंदकडे गेलो. तो उघड्या कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसला होता. मी माफी मागितली. तो हसला.

"एवढी पुस्तकं वाचतूस, मर्दा. आठवीत अर्थिंग व्हतं आपल्याला. तवा कुठं व्हतास?"

मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "मला सांगून काय उपेग? जिथं बोललास, तिथं जाऊन सांग."

"सांगतो," म्हणालो.

नाही सांगितलं.

त्यानंतर कळंबला दोनदा बोललो. दोन्ही वेळा ठरवून गेलो आणि स्टेजवर विषय टाळला. एक चूक कबूल केली तर लोक माझ्या खऱ्या गोष्टींवरही हसतील, चळवळीचं नुकसान होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. लोकांना म्हणायचो, प्रश्न विचारा, पुरावा मागा. स्वतः मात्र एका टाळीसाठी एका माणसाची अब्रू घेतली आणि चळवळीच्या आड लपलो.

मिलिंदने पुन्हा कधी विषय काढला नाही. माझ्या भाषणांना यायचा. शेवटच्या रांगेत बसायचा. मी बोलताना त्या रांगेकडे बघत नसे.

काल सरण रचून झालं. बुद्धवंदना झाली. नेहमीसारखं कोणीतरी म्हणालं, "सर, दोन शब्द बोला."

उभा राहिलो. तीस वर्षं बोलतोय, पण हे कधी बोललो नव्हतो. सगळं सांगितलं. टपरी, टाळ्या, सुनीताचं कोपर, मिलिंदला दिलेला शब्द. म्हणालो, भोंदू तो नव्हता. न तपासता बोलणारा मी होतो.



मग काशिनाथभाऊ पुढे आले. आता काठी घेऊन चालतात.

"सर, ह्ये आमाला त्याच वर्षी कळलं व्हतं. गावाला कळलं व्हतं. त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं."

 

मिलिंद, उशीर झाला रे. जयभीम.