डाव्या अंगाचे मासे

पिन्हास मेला, पण त्याचा हात काही मेला नाही, अशी कुजबुज बुखाऱ्याच्या यहुदी मोहल्ल्यात पसरली होती. सुतकाचे सात दिवस सरले आणि आठव्या दिवशी त्याच्या चांदीच्या ताइतांच्या बंद कारखान्यातून हातोडीची टिकटिक ऐकू आली. रोटीवाल्या ब्रुखोने तर फटीतून नुसता हात पाहिला, म्हणे. तिला भर दुपारी स्वतःचा नवरा ओळखू येत नाही, ते सोडा. पोटुशा बायका मात्र दुपटीने येऊ लागल्या. मेलेल्या माणसाच्या हातचा ताईत गळ्यात असल्यावर बाळंतिणीच्या खोलीत शिरायची तान्ही बाळं पळवणाऱ्या लिलित हडळीची काय बिशाद!

आत बसलेली विधवा बुलोर सगळं ऐकून गालात हसायची. पण धाकटा दीर नीसान हत्यारं मागायला आला, तेव्हा तिचं हसू मावळलं. सोबत त्याने मोहल्ल्याचे प्रमुख आरोनबाबा आणले होते. हत्यारं गेली की तिने दिराच्या चुलीशी भाकरीची वाट बघत बसायचं, हे ठरलेलंच.

“वहिनी, घराण्याची हत्यारं पुरुषाकडे जातात. तुमच्याकडे ती गंजतील.”

“आणि तुमच्याकडे लाजतील, भावजी.”

“बुलोर,” आरोनबाबा दरडावून म्हणाले, “आत ठोकतंय कोण?”

“आत कशाला? उन्हातच बघा.”

तिने ऐरण फरफटत उंबऱ्यावर आणली, ताइताची चांदीची नळी मांडली, छिन्नी उजव्या हातात धरली आणि हातोडी डाव्या हातात घेतली. तिच्या हाताखाली मासा उमटू लागला. पाण्याखालच्या माशाला कुणाची नजर लागत नाही, म्हणून ताइतावर तो हवाच. गल्लीत बायकांची ही गर्दी!

नीसान फिस्सकन हसला. “डावखुऱ्या बाईचा ताईत! घालणार कोण?”

“तुमची बायको घालते. जाऊबाई, काढा बरं बाहेर.”

गर्दीतल्या मझोलने, नीसानच्या बायकोने, गळ्यातला ताईत काढला. त्यावरच्या माशाचे खवले उलट्या अंगाला कललेले, हुबेहूब नळीवरच्यासारखे. मग गल्लीभर गळ्यातून ताईत निघाले. सगळे मासे तसेच.

“पिन्हास तर उजव्या हाताचा होता,” आरोनबाबा पुटपुटले.

“या माशाच्या राखणीत तुमची चार पोरं वाढली, भावजी. परत करायचीत का?”

बायका खदखदल्या. नीसानला कुठे बघावं कळेना.

आरोनबाबांनी दाढी कुरवाळली. “माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. तिला एक कर.”

“करते की. आधी सगळ्यांसमोर सांगा, हत्यारं कुणाची?”

बाबांनी नीसानकडे पाहिलं, लेक आठवली, घसा खाकरला.

“तुझी.”

“मोठ्याने, बाबा. ब्रुखो मागे उभी आहे.”

“तुझी, बये, तुझी!”

मेलेल्या पिन्हासचा हात चालत नव्हता. अठरा वर्षं तो नळ्या वळायचा आणि डाग देऊन सांधायचा. मासा त्याने एकही कोरला नाही. ते सगळे बुलोरने कोरले होते.