फितीपलीकडची गोळी

बायकोच्या फिट्सच्या गोळ्या संपल्या होत्या. संध्याकाळची गोळी चुकवून चालणार नव्हतं, आणि तीन दुकानांत 'वरूनच माल येत नाही' हे एकच वाक्य ऐकून मी चौथ्या दुकानापाशी पोचलो. दुकान नवंकोरं. दाराला झेंडूची तोरणं आणि आडवी लाल फीत.

"फिटची ही गोळी आहे," बाहेर उभे असलेले मालक चिठ्ठी पाहून म्हणाले, "पण साहेबांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय विक्री नाही, काका."

"साहेब कधी येणार?"

"निघालेत."

निघालेले साहेब आणि वरून येणारा माल, दोघेही आपल्याकडे कायम वाटेतच असतात. मी फितीकडे बघत राहिलो. दोन बोटं रुंदीची ती चिंधी, पण तिच्यापुढे डॉक्टरांची चिठ्ठीही थांबते. एखादी गोष्ट सुरू होण्यापेक्षा ती कोणाच्या हस्ते सुरू होते, याचीच आपल्याला काळजी जास्त.

तेवढ्यात मालकांच्या आई शेजारच्या खुर्चीवरून उठल्या. "फिटची गोळी ना? मग साहेबांची वाट कसली बघतोस, मेल्या? वाक आणि आण!"

मालक वाकून फितीखालून आत गेले आणि स्ट्रिप घेऊन तसेच वाकून बाहेर आले. आईंनी तबकातली कुंकू लावलेली कात्री उचलून स्ट्रिप मधोमध कापली. "पाच तुम्हाला. पाच राहू देत, अजून कोणीतरी येईल."

बायकोने वेळेवर गोळी घेतली. स्ट्रिपच्या कापलेल्या कडेला थोडं कुंकू लागलं होतं.