एलायझाच्या प्लेटीत उतरलेली कावीळ

कावीळ उतरवणाऱ्या बुवावर आमच्या सासूबाईंचा जेवढा विश्वास, त्याच्या निम्मा माझ्या लॅबवर असता तर घरात मला काही किंमत आली असती. धाकट्या जावेला आठवा महिना, डोळे पिवळे, आणि घरचे तिला आधी नेतात कुठं, तर बीबी गावच्या बुवाकडं. त्यानं तिच्या हातांवर कसलासा पाला चोळला, चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालं. उतरली म्हणे कावीळ! उलट्या थांबेनात तेव्हा कुठं तिला खामगावला, मी काम करते त्या दवाखान्यात आणली.

डॉक्टरीणबाई बघताक्षणी म्हणाल्या, "भरती करा. हेपॅटायटिस ई असली तर पोटुशी बाईच्या जिवावर बेतते." सासूबाई अडून बसल्या, आधी तपासणी होऊ द्या.

मग काय, बसले मी. तिच्या रक्तातलं सीरम एलायझाच्या, म्हणजे कावीळ तपासायच्या, प्लेटीतल्या बारक्या खळग्यांत घातलं. खळग्याच्या तळाशी विषाणूचा अंश चिकटवलेला असतो. त्याच्याशी लढायला अंगात नुकत्याच तयार झालेल्या अँटिबॉडी असल्या, तर त्या तिथं अडकतात; बाकीचं धुऊन जातं. धुण्यात हयगय केली की प्लेट चक्क खोटं बोलते, म्हणून मी सणाची भांडी घासावीत तशी जीव लावून धुते. शेवटी रंगाचं द्रावण घातलं, निळं आलं. वरून आम्ल टाकलं, पिवळंजर्द.

सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी हातच जोडले. "उतरली वो माय. चाला आता घरी."

माझं डोकं फिरलं. "आत्याबाई, हा रंग मी टाकला. कावीळ तिच्या आंगातच हाय, थेच सांगून राह्यली हे प्लेट." शेजारचा खळगा दाखवला. कंपनीनं पडताळ्यासाठी दिलेला, कावीळ असलेलाच नमुना, तोही पिवळा.

"मंग त्याचीबी उतरली," सासूबाई म्हणाल्या. आणि आमचे दीर, कृषी पदवीधर बरं का, मान डोलावतात! "बुवापेक्षा तुमचं बरं हाय वहिनी. पाला लागत नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाकावरून जाऊ बोलली. आज लेकीवर दिवसभर खेकसते ती, पण तेव्हा सासूबाईंपुढं तिचा आवाज निघत नसे.

"बुवाच्या पाण्यात उतरली, ताईच्या प्लेटीत उतरली. माह्या आंगातून काऊन उतरत नाही थे?" ती बाकावरून उठली. "मले मरायचं नाही, आत्याबाई."

भिंत धरत ती एकटीच वॉर्डाकडं निघाली. दीर तिच्यामागं धावले, आईला न विचारता.