नववी चिप

जावयाला सासरवाडीत चुकायची सोय नसते. ही गोष्ट मला लग्नात कुणी सांगितली नाही, ती एका कॉम्प्युटरपायी कळली.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी कोल्हापुरात एका ऑफिसात कारकून होतो. ऑफिसात नवाच कॉम्प्युटर आला होता. त्याला काचेची खोली, खोलीला एसी, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. त्या खोलीत बसून मी दिवसभर आकडे भरायचो, माझा आणि त्याचा संबंध एवढाच. सासरवाडीला मात्र बातमी पोचली ती ‘जावई कॉम्प्युटरमधलं हायती’ अशी. मी ती खोडली नाही. सासूबाई तांबडा रस्सा वाढता वाढता शेजारणीला हे ऐकवायच्या, तेव्हा मधेच तोंड उघडून काय सांगणार? रस्सा गार झाला असता.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. गडमुडशिंगीच्या पुढं त्यांचं गाव. तिथल्या दूध सोसायटीचे ते सेक्रेटरी. सोसायटीनं एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला होता, पण दूधबिलांचा नवा प्रोग्रॅम त्यात चालेना. मेमरी कमी पडते, वाढवून घ्या, असं प्रोग्रॅमवाला सांगून गेला. त्यावर मामांनी भर मीटिंगमध्ये उभं राहून शब्द दिला, “वसुबारसेच्या आत दिवाळीची बिलं ह्या मशिनीतनंच निघतील. न्हाय निघाली तर सेक्रेटरीपद सोडतो. मेमरी निवडायला आमचं जावईबापू हायतीच.”

मला कुणी विचारलं नव्हतं. जावयाला विचारत नाहीत, बोलावतात.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. मी, मामा आणि सोसायटीचे चेअरमन. दुकानदारानं मुंबईहून आलेल्या मेमरीच्या दोन जातींच्या पट्ट्या काचेवर मांडल्या. बोटभर लांबीच्या हिरव्या पट्ट्या, त्यांवर काळ्या चिपा ओळीनं बसवलेल्या. एका जातीवर आठ चिपा, दुसरीवर नऊ. तुमच्या मशीनला दोन पट्ट्या लागतील, दोन्ही एकाच जातीच्या, असं तो म्हणाला. चेअरमननी एक पट्टी उचलून उलटी केली आणि म्हशीचे दात बघावेत तशी खालची सोनेरी कड निरखली.

“ही नववी कशाला वो?” त्यांनी विचारलं.

“ती लक्ष ठेवते,” दुकानदार म्हणाला. “आठांत कुणी चुकलं, की ओरडते.”

“म्हंजे आठ जणांनी दूध घालायचं आन् नवव्यानं फॅट बघायची. मग ती पायजेच की. फॅट बघणारा नसला की लोक पाणी घालत्यात.”

इथं मी गप्प बसलो असतो तर ही हकिगत घडलीच नसती. पण बोलावून आणलेल्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं, आणि मला कॉम्प्युटरमधली एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. ती मी बोललो.

“एक बाइट म्हणजे आठ बिट. जगात कुठंही जा, आठच. नववीचं काही कामच नाही.”

दुकानदारानं तोंड उघडलं. “साहेब, पण तुमचं मशीन...”

“जावईबापू म्हणत्यात न्हवं?” मामांनी त्याला तिथंच अडवलं. “आठवाल्या बांधा.”

चेअरमननी हातातली नऊवाली पट्टी अलगद खाली ठेवली. त्यांना पटलं नव्हतं, ते मला दिसत होतं. पण दुसऱ्याच्या जावयाचा शब्द चारचौघांत खाली पाडायचा नाही, ही रीत त्यांनाही होती.

सोसायटीच्या ऑफिसात निम्मं गाव जमलं. खंडेनवमीचं हळदकुंकू मशीनवर अजून तसंच होतं. मी पट्ट्या दाबून बसवल्या, बटण दाबलं. पडद्यावर ‘पॅरिटी’ का काहीतरी इंग्रजी उमटलं आणि मशीन गपगार. काढून परत बसवल्या. परत तेच.

“मामा, माझी चूक झाली,” मी म्हणालो. “दुकानदाराचं ऐकायला पाहिजे होतं. ह्या मशीनला नववी लागते.”

“छ्या छ्या,” एक म्हातारे पुढं झाले. “पावणं कशाला चुकत्यात? मशिनच खुळं हाय.”

“न्हाय तर काय, वापरलेलं घ्यायचंच न्हाय.”

“अहो, खरंच मला यातलं कळत नाही,” मी म्हणालो.

“बगा, किती सादा माणूस हाय,” म्हातारे म्हणाले, आणि मला चहा आला. बशीत दोन बिस्किटं जास्त होती. मामा मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत होते. वसुबारस त्याच आठवड्यात होती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलता, तवाच सांगायचं की हे. आता कोण ऐकतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पट्ट्या घेऊन एकटेच एसटीनं कोल्हापूरला आले. माझ्या घरावरून गेले, पण आत आले नाहीत. दुकानात काय झालं, ते मला नंतर दुकानदाराकडून कळलं. त्याला ते म्हणाले होते, “काल मीच गडबडीत चुकीच्या न्हेल्या. जावई सांगत हुतं नऊवाल्या घ्या म्हणून.” दुकानदारानं बदलून दिल्या. आदल्या दिवशी कोण काय बोललं होतं, ते त्यानं काढलं नाही.

मग मला बोलावणं आलं. ऑफिसात पुन्हा तीच गर्दी. टेबलावर दोन पाकिटं, दोन्हींत नऊ चिपांची एकेक पट्टी, एकसारखी. दोन्ही बसवायच्याच होत्या.

मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “जावईबापू, ह्यातली आदी कुठली बसवायची, ते तुमीच ठरवा.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते पाकिटांकडं पाहत होते. सगळं ऑफिस थांबलं होतं. मी दोन्ही पट्ट्या उजेडाला धरल्या, थोडं थांबलो, आणि डाव्या हातातली आधी बसवली, मग उजव्या हातातली.

बटण दाबलं. मेमरीचे आकडे पडद्यावर चढत गेले आणि प्रोग्रॅम सुरू झाला.

चेअरमन म्हणाले, “म्हणत न्हवतो मी? पावण्यांची नजर हाय.” असं म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, हे उपकारच.

बिलं वसुबारसेच्या आधी निघाली. मामा सेक्रेटरी राहिले. मला टॉवेल-टोपी मिळाली, ती मी खाली मान घालून घेतली. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “बगा, जरासुदिक गर्व न्हाय.”

पुढं सासरवाडीत टीव्ही घेतला, पंखा घेतला, म्हैससुद्धा घेतली. दरवेळी वस्तू आधी दारात येते आणि मग मला बोलावतात. मी तिच्याभोवती एक फेरी मारतो. मामा विचारतात, “कशी काय वाटती?” मी म्हणतो, “चांगली हाय की.”