पँटीच्या बदल्यात साडी

पिरंगुटच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी वडिलांसाठी तयार पँट घेतली. गावी, मालेला, घरी नेली तर ते म्हणाले, "आरं, धोतर सोडून ही कुटं घालू? परत दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं बिलावरची ओळ दाखवली. पैसे परत मिळत नव्हते, पण माल बदलून मिळत होता.

"बदलून म्हंजी दुसरी पँटच का?" वडिलांनी विचारलं.

"न्हाई, दुकानातलं काय बी घ्या."

वडील सरळ साड्यांकडे वळले. आजवर आईच्या साड्या आईच आणायची. "गडद नको, तिला फिका रंग आवडतो," ते म्हणाले. मी बघतच राहिलो. दुकानदारानं अबोली साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"जरा चालून दावा की," वडील गंभीरपणे म्हणाले.

तो आरशापर्यंत मुरडत गेला आणि सगळं दुकान हसलं. वरचा फरक मी भरला.

घरी आईनं साडी अंगाला लावून पाहिली. "तुमी निवडली?" तिनं वडिलांना विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"चुलीवर भात हाय, बघा तेवढा," असं म्हणून ती साडी घेऊन शेजारणीकडे पळाली. वडील खुशीत चुलीपुढं बसले.