अरबीअप्पा आणि नाक्यावरचा चाऊस

ये गं, अशी जवळ सरक. दारातूनच "आजी, बरी आहेस ना" म्हणून पळतेस, ही काय रीत झाली? बस जरा. आमच्या मुरुमच्या अरबीअप्पांचं सांगते.

कपाळाला ठसठशीत विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि तोंडात अरबी, असा माणूस तू पाहिला नसशील. तरुणपणी बापानं त्यांना गुलबर्ग्याला मिरची विकायला धाडलं. तिथल्या एका मौलवींकडून ते अरबी शिकून आले. मिरचीचं काय झालं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

राज्य निजामाचं, कागद सगळे उर्दूत. कुणी समन्स वाचून घ्यायला आलं, की अप्पा ते एका बोटानं परत सरकवायचे. "ही उर्दू. कचेरीत कुणीही वाचून दाखवील. अरबी काही असलं तर आणा." मुरुमात कुठलं अरबी असायला?

उंटाला कितव्या वर्षी काय म्हणतात, ते अप्पा एका दमात सांगत. त्यांची बायको, आमची काकू, चुलीपासून म्हणायची, "आपल्या बैलाला दात किती आलेत, ते सांगा आधी."

अप्पांना एकच हवं होतं. चावडीशेजारची रिकामी खोली, अरबी शिकवायला. पाटील म्हणायचे, "अप्पा, तुमी बोलता ते अरबीच हाय, हे पारखावं कुणी?"

मग करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पहाऱ्याला एक चाऊस आला. चाऊस म्हणजे मूळचा अरबस्तानचा माणूस. कमरेला जंबिया, दाढी मेंदीची. बाजाराच्या दिवशी पाटलांनी त्याला चावडीवर आणून बसवलं. "ह्यो व्हय म्हणला, की खोली तुमची."

अप्पा धुतलेला फेटा बांधून आले आणि चांगलं घटकाभर अरबी बोलले. चाऊसनं डोळे मिटून दोन्ही हात पसरले. अप्पा श्वासाला थांबले, की हा म्हणायचा, "आमीन."

"काय म्हणले अप्पा?" पाटलांनी विचारलं.

"बहोत अच्छी दुआ पढे."

खरं तर एवढ्या अरबीत अप्पांनी त्याला जेवायला बोलावलं होतं, बाकी काही नाही. अरबालाच कळलं नाही, म्हणजे ते अरबी नव्हेच, म्हणून गाव पोट धरून हसलं. खोलीत पाटलांनी कडबा भरला.

चार दिवसांनी, भर दुपारी, चाऊस अप्पांच्या घरी आला. मी काकूकडे विरजण मागायला गेले होते. त्यानं घडीवर फाटलेलं एक पत्र काढलं. "अप्पाजी, मैं पाच बरस का था, चाचा के साथ आया. चाचा गये, तो संदूक में ये मिली. अम्मा की है. मेरेकू पढना नई आता. अरब होके किसकू बोलूँ?"

अप्पांनी ते आधी अरबीत वाचलं, मग दख्खनीत सांगितलं. आई विचारत होती, पडलेले दात परत आले का, आणि तू रात्री कुणाजवळ झोपतोस.

"फिर पढो," चाऊस म्हणाला. अप्पांनी तीनदा वाचलं.

तो गेल्यावर काकू म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जावा पाटलाकडं. खोली मिळंल."

"आणि काय सांगू? त्या अरबाला अरबी येत नाही म्हणून?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तू विरजण न्यायला आलीस. विरजणच घेऊन जा."

अप्पा मरेपर्यंत गाव त्यांना 'आमीनअप्पा' म्हणून चिडवत राहिलं, आणि ते मान डोलवत आपल्या मिरचीच्या दुकानात बसले. मीही विरजणच नेलं. आता चाऊस मातीत, अप्पाही मातीत, म्हणून आज तुझ्याजवळ बोलले. पण बाई, लवकर परत ये, आणि येशील तेव्हा मुक्कामाला ये.