गप्प उभी राहिल्याबद्दल

सेगावासान कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी तळहात भिंतीला लावत. नवा व्हिडिओ-खेळ सुरू केला की सगळे उजवीकडे धावतात, ते डावीकडे जात. डावीकडे बहुधा नुसती भिंत असे. ती दोनदा ठोकून बघत आणि मग वळत. खेळातला आपला माणूस मेला की पडद्याकडे बघून मान किंचित झुकवत, जणू त्या बिचाऱ्याला उगाच कामाला जुंपलं होतं. उदोनच्या जाड शेवयांमधला तळलेला तोफू शेवटपर्यंत राखून ठेवत आणि तो भिजून फाटला की खट्टू होत. एखादा खेळ आवडला नाही तरी त्याला वाईट म्हणत नसत. म्हणत, "माझा पाय नाही बसला तिथे." हसताना हात तोंडापुढे धरत. पुढचा एक दात काळा पडला होता.

चिसातोला हे सगळं माहीत होतं. आपल्याला इतकं माहीत आहे, हे मात्र तिला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी कळलं.

सेगावासान ओसाकात लिफ्टची देखभाल करत. पन्नाशीला टेकलेले, एकटे. शनिवारी दुपारी निप्पोनबाशीतल्या जुन्या खेळांच्या एका दुकानात येऊन बसत. दुकानाच्या मालकिणीला सगळे ओबाचान, म्हणजे मावशी, म्हणत. तिची जीभ दुकानातल्या कुठल्याही तलवारीपेक्षा धारदार होती. चिसातो साहित्याची पदवी घेऊन पुस्तकांच्या दुकानात नोकरी करत होती आणि शनिवारी इथे येत होती. तिघांना एकाच जातीचे खेळ आवडत. एक मोठं, एकात एक गुंतलेलं जग, त्यात उड्या मारत, लढत हिंडायचं. बंद दार दिसलं की मनात ठेवायचं, पुढे कुठेतरी नवं बळ मिळालं की परत यायचं. आवड एकच असली तरी मतं तीन होती.

"नकाशा हवाच," ओबाचान म्हणायची. "दिवसभर दुकानात पाय मोडायचे आणि संध्याकाळी खेळातही वाट शोधत फिरायचं? मला काय हौस आहे?"

"नकाशा दिला की माणूस नकाशाच बघतो," सेगावासान म्हणायचे. "जग बघत नाही. वाट चुकलेला डोळे उघडे ठेवून चालतो."

"आणि चुकून चुकून कंटाळला की खेळ विकायला माझ्याकडे आणतो. माझं कपाट अशाच उघड्या डोळ्यांनी भरलंय."

चिसातो मध्ये पडायची. "मला मागे यायला आवडतं. तेच दार, पण आपण बदललेलो."

"ऐका! आली साहित्याची बाई. दार दार असतं, पोरी."

सेगावासान हात तोंडापुढे धरायचे.

ते स्वतः एक खेळ बनवत होते. एकटेच, सुट्टीच्या दिवशी, वर्षानुवर्षं. डोंगरातली एक बंद पडलेली उष्ण झऱ्यांची सराई, आणि तिच्यात पाणी भरायला आलेली एक मुलगी. मजल्याखाली मजले, गल्ल्या, माळे, पाइपांची भुयारं. त्यात त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता तो एका स्नानगृहावर. तिथे पोचलं की दार मागे मिटतं. भिंती ठोका, उड्या मारा, हंडे फोडा, काही होत नाही. गरम पाण्याच्या टाकीत उतरायचं आणि बटणावरून बोट काढून स्वस्थ बसायचं. काही वेळाने पाणी आपोआप उतरतं आणि तळाशी जिना दिसतो.

"अशा खेळात कुणी स्वस्थ बसत नाही," ते म्हणाले होते. "म्हणूनच तिथे बसावं लागेल."

टाकीच्या काठावर त्यांनी एक म्हातारी ठेवली होती. ती म्हणायची, 'घाई कसली, अंग शेकू दे.' म्हातारी ठेवावी की काढावी, हा त्यांना पडलेला पेच होता. ठेवली तर कोडं फुटतं. काढली तर माणूस अडकतो. शेवटी ठरलं, हौशी खेळ बनवणाऱ्यांच्या जत्रेत म्हातारीशिवाय मांडायचा आणि काय होतं ते बघायचं.

त्या जत्रेचा एक रिवाज आहे. टेबलावर खेळ मांडायचा, कुणीही येऊन खेळतो, आणि बनवणारा मागे हात बांधून उभा राहतो. बोलायचं नाही. खेळणारा ठेचकाळला, उसासला, उठून गेला तरी नाही. माणूस कुठे अडतो ते त्याशिवाय कळत नाही.

त्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच सेगावासानचा फोन वाजला. उमेदाकडच्या एका इमारतीत लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती. जावंच लागणार होतं.

"तू उभी राहशील?" त्यांनी विचारलं. "काही करायचं नाही. फक्त गप्प राहायचं. अडकले तर अडकू दे. त्यांचं अडकणंच मला हवंय."

"साहित्यवाल्यांना गप्प राहता येतं का?" पोस्टर लावायला मदत करून आपल्या दुकानाकडे निघालेली ओबाचान म्हणाली.

"चांगलं येतं," चिसातो म्हणाली.

पहिला आला तो चष्मेवाला तरुण. छान खेळत होता. स्नानगृहात अडला. भिंती ठोकल्या, उड्या मारल्या, परत ठोकल्या. मग कंट्रोलर ठेवून उठला आणि मित्राला म्हणाला, "चित्रं बरी आहेत. बाकी कंटाळा." मित्र बसायला आला होता, तो उभ्याउभ्याच वळला.

चिसातोला ते शब्द गालावर बसल्यासारखे लागले. इतक्या वर्षांचं काम, आणि 'बाकी कंटाळा'.

दुसरी एक बाई होती. तीही तिथेच अडली. तिने खांदे उडवले तेव्हा चिसातो पुढे वाकली. "जरा हात सोडून बघा ना," ती हळूच म्हणाली.

बाईने हात सोडला. पाणी उतरायला लागलं. "अगं बाई!" ती म्हणाली, आणि हसली. इतकं निर्मळ हसली की चिसातोला आपण काही चुकीचं केलं असं वाटलंच नाही. नंतर जो जो अडला त्याला तिने सांगितलं. कुणाला शब्दांनी, कुणाला नुसतं बोटाने.

सेगावासान परतले तेव्हा टेबलापुढे रांग होती. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "ती आंघोळीची खोली बघ. काही न करता उघडते. अंगावर काटा येतो."

"कुणी विचारलं का तुला?" सेगावासाननी विचारलं. कपाळावर घाम होता, बाहीला ग्रीस.

"नाही."

"सगळ्यांना सापडली?"

"पहिला एक सोडून."

ते टेबलाच्या कडेवर तळहात टेकून उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी म्हातारीला खेळातून कायमचं काढून टाकलं. खेळ पुरा झाल्यावर जी नावं येतात, त्यांत शेवटी एक ओळ घातली. 'गप्प उभी राहिल्याबद्दल चिसातोचे आभार.'

चिसातोने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "कशाला हो." तेव्हाच सांगता आलं असतं.

खेळ वसंतात इंटरनेटवर लोकांसाठी खुला झाला. मतं यायला लागली. सुरुवातीला सराईचं कौतुक होतं, संगीताचं, अंधाऱ्या माळ्यांचं. मग सगळी एकाच खोलीत येऊन थांबली. 'स्नानगृहात अडकलो, सोडून दिला.' 'बनवणाऱ्याला खेळणाऱ्याची कदर नाही.' 'हा खेळ अर्धवट आहे का? पुढे काही आहे का?' एकाने लिहिलं होतं, 'वाट हरवणं वेगळं आणि कोंडून घालणं वेगळं.'

ओबाचानने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचल्यावर जीभ चावली.

सेगावासान रागावले नाहीत. ते गोंधळले. लिफ्टवाल्या माणसाची एक पक्की समजूत असते. जे काल चाललं आणि आज चालत नाही, त्यात मधे काहीतरी बिघडलं आहे. जत्रेत सगळ्यांना जमलं. आता कुणालाच जमत नाही. म्हणजे बिघाड आहे.

ते बिघाड शोधायला लागले.

पाणी उतरण्याची वेळ तपासली. टाकीची खोली तपासली. मग खोलीपर्यंत येणाऱ्या सगळ्या वाटा. उन्हाळ्याची सुट्टी त्यांनी त्यातच घालवली. शनिवारी यायचे तेव्हा डोळे तांबारलेले असायचे.

"सापडला?" ओबाचान विचारायची.

"नाही. पण असणार. जत्रेत जमलं होतं ना." आणि चिसातोकडे वळायचे. "तू तर बघितलंस. खेळणारे टाकीत कसे उतरत होते? उडी मारून की पायरीवरून?"

"पायरीवरून," चिसातो म्हणायची. "बहुतेक."

ते घरी जाऊन पायऱ्या तपासायचे.

ती दर शनिवारी सांगायचं ठरवून निघायची. दुकानात शिरताना वाक्य तयार असायचं. मग ते वर बघायचे, तिच्यासाठी स्टूल ओढायचे, आणि वाक्य तोंडात विरून जायचं. आपण वाईट हेतूने केलं नाही, हे ती स्वतःला समजवायची. ते खरंही होतं. पण एक माणूस नसलेला बिघाड शोधत होता, आणि तो नाही हे जगात फक्त तिला माहीत होतं.

शेवटी ऑक्टोबरात त्यांनी सराईतला एक अख्खा मजला उपटून पुन्हा बांधायला घेतला, तेव्हा तिचा धीर सुटला. रविवारची दुपार होती. ती त्यांना उदोनच्या दुकानात घेऊन गेली आणि वाडगे यायच्या आधीच बोलली.

"बिघाड नाहीये. जत्रेत मी सांगत होते लोकांना. हात सोडा म्हणून."

"किती जणांना?"

"पहिला सोडून सगळ्यांना."

वाडगे आले. वाफ दोघांच्या मध्ये उभी राहिली. ती ओरड्याची वाट बघत होती. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे," ते वाफेकडे बघत म्हणाले, "ती खोली अजून कुणालाच सापडलेली नाही."

चिसातोने मान खाली घातली.

"मला वाटत होतं इतक्या लोकांना सापडली. त्यांचे चेहरे मी मनात काढून ठेवले होते."

"माफ करा. मला बघवलं नाही. तो पहिला उठून गेला तेव्हा—"

"तुझा जीव मऊ आहे. मीच तुला तिथे उभी करायला नको होतं." त्यांनी चॉपस्टिक उचलल्या. "खा. निवेल."

"म्हातारीला परत आणाल का?"

"आणीन. पण आधी लोकांना उत्तरं द्यायला हवीत. ते बिचारे माझ्या दाराआड बसलेत कधीचे. एकेकाला देतो."

निघताना तिची छत्री अडकू नये म्हणून त्यांनी दार हाताने धरून ठेवलं, नेहमीसारखं. आभारांची ती ओळ काढा, असं तिला म्हणायचं होतं. तेवढं राहिलं.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी कामावर निघताना सेगावासान दाराशी बूट घालायला बसले आणि उठले नाहीत. मेंदूत रक्त साकळलं होतं. थोरली बहीण वाकायामाहून आली. सगळं उरकल्यावर तिने चिसातोला फोन केला. आवाज थकलेला, अदबीचा.

"तुम्हाला त्रास देते. माझ्या भावाचं, योशिनोबूचं ते यंत्र अजून चालू आहे. बंद केलं तर त्याचं काही पुसलं जाईल का? मला त्यातलं काही कळत नाही."

चिसातो गेली. खोली नीटनेटकी होती. बहिणीने चहा ठेवला आणि कपडे बांधायला आत गेली. पडद्यावर खेळाचं पान उघडं होतं, मतांचं. प्रत्येक तक्रारीखाली सेगावासानचं उत्तर होतं. एकसारखं नाही, ज्याला त्याला वेगळं. पण मजकुराचा गाभा एकच. चूक माझी. त्या दिवशी मी माझ्या टेबलापाशी नव्हतो, म्हणून मला तुमची अडचण दिसली नाही. कुठेही तिचं नाव नव्हतं. 'माझ्या एका मैत्रिणीमुळे' एवढंही नव्हतं.

ती एकेक वाचत खाली गेली. कोंडून घालण्याबद्दल लिहिणाऱ्याला त्यांनी लिहिलं होतं, 'तुमचं बरोबर आहे.' पुढे आणखी उत्तरं, मग आणखी. आणि सगळ्यांत खाली उत्तरेकडच्या बर्फाळ अकिताच्या कुणा हाताकेयामा नावाच्या माणसाचा प्रश्न होता. तक्रार नव्हतीच ती. 'हिवाळ्यात वेळ असतो, अजून सोडलेला नाही. काही सांगू नका, एवढंच सांगा की वाट आहे ना?'

त्याखाली उत्तराची चौकट उघडी होती. सेगावासाननी 'हाताकेयामासान,' असं लिहिलं होतं आणि स्वल्पविराम दिला होता. पुढचं लिहायचं राहिलं होतं.